पंचफुलाबाईचा डावखुरा विळा

माझ्या उजव्या मनगटावर चार बोटं लांबीचा व्रण आहे. त्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आजही मिटत नाहीत. गावातल्या नव्या पोरांना वाटतं, मळणीयंत्रात हात गेला असेल. माझ्या वयाच्या लोकांना वाटतं, दुष्काळात हाडोळ्यावर मारामारी झाली तेव्हाचा वार असेल. दोन्ही खोटं. हा वार पंचफुलाबाईनं त्या मारामारीनंतर साडेचार वर्षांनी केला, भर दुपारी, आणि तो खायला मी स्वतःच्या पायांनी चालत गेलो होतो. बाई कशी होती हे सांगायचं तर या मनगटापासूनच सुरुवात करावी लागते. झाडाझुडपांच्या गोष्टी ज्यांना गोडगोड लागतात, त्यांनी ही वाचायला घेऊ नये.

आमचं गाव पेडगावपासून दोन कोसांवर, ओढ्याच्या काठानं पसरलेलं. ओढ्याच्या खालच्या अंगाला सात-आठ एकरांचा तुकडा आहे. कागदावर गायरान, पण सगळे त्याला हाडोळा म्हणतात, कारण गावातलं मेलेलं जनावर तिथं नेऊन टाकायचं. नेऊन टाकायचं म्हणजे आम्ही नव्हे. महारवाड्यातल्या माणसांनी पायाला दोर बांधून ओढत न्यायचं. पंचफुलाबाईचा नवरा सिताराम, त्याचा बाप, त्याचा आजा, सगळ्यांच्या खांद्यावर त्या दोराचे वळ होते. छप्पन साली ती सगळी वस्ती बौद्ध झाली आणि तिनं दोर टाकून दिला.

पुढच्याच उन्हाळ्यात आमचा बैल मेला. माझे वडील दत्तराव. त्यांच्या शब्दाबाहेर गावात कुणी जात नसे. त्यांनी सितारामला बोलावणं धाडलं. सिताराम आला, वाकला नाही, नुसतं "जय भीम" म्हणाला.

"बैल तुमचा हाय, मालक," तो म्हणाला. "तुमीच वढा."

वडिलांनी शिवळ उचलली. शिवळ म्हणजे बैलाच्या मानेशी जुवात अडकवतात ती लाकडाची जाड खुंटी. तिनं त्यांनी सितारामच्या तीन बरगड्या मोडल्या. बैल मात्र आमच्या दारात तीन दिवस फुगत पडला, आणि शेवटी वडिलांना आणि चुलत्यांना नाकाला फडकी बांधून तो स्वतः ओढावा लागला. त्या वासाचा राग वडिलांच्या डोक्यातून कधी गेला नाही.

सितारामही त्या दुखण्यातून पुरता उठला नाही. पाच-सहा वर्षं खोकत काढली आणि गेला. मूलबाळ जगलेलं नव्हतं. पंचफुलाबाई तेव्हा तिशीची, उंच, सावळी, दोन्ही हात झोकून चालणारी. नवरा गेल्यावर ती पाच शेळ्या घेऊन हाडोळ्यावर जायला लागली. तिथं तेव्हा हाडं, कवट्या आणि गिधाडं, एवढंच होतं. तिनं हाडं वेचून एका कडेला रचली, काट्यांचं कुंपण घातलं आणि झाडं लावायला सुरुवात केली.

तिची झाडं लावायची रीत गावाला हसायला पुरली. शेळ्यांना ती बाभळीच्या शेंगा चारायची. शेळी संध्याकाळी बसून रवंथ करायला लागली की शेंगेतलं टणक बी तोंडातून टाकून देते. सकाळी शेळ्या उठल्या की त्यांच्या खालचं बी बाई एकेक करून वेचायची आणि गाडग्यात भिजत घालायची. झाडाखाली पडलेलं बी दोन-दोन वर्षं तसंच पडून राहतं, शेळीच्या तोंडातलं आठ दिवसांत फुटतं. असं करत बाभळी झाल्या, हिवर झाला, बोरी झाल्या, ओढ्याच्या अंगाला करंज झाले. आणि मधे गवत. पवना आणि मारवेल, म्हणजे आमच्या शिवारातलं जुनं गवत, जे नांगराखाली जाऊन दिसेनासं झालं होतं. त्याचे ठोंब तिनं बांधावरून, रेल्वेच्या रुळांच्या कडेनं खणून डोक्यावर वाहून आणले.

नियम तिचा एकच. मार्गशीर्षात बी झडेपर्यंत गवताला विळा लावायचा नाही, आणि जनावर तर आत कधीच सोडायचं नाही. बी झडलं की ती गावात निरोप धाडायची, "बी झडलं, या." मग कुणीही यावं आणि डोक्यावर मावेल तेवढं कापून न्यावं. जात विचारायची नाही, मोबदला मागायची नाही. माझी आई लक्ष्मीबाई दर साल भारा आणायची. आमच्या म्हशी ते गवत खायच्या, वडील त्या म्हशींचं दूध प्यायचे आणि मिशी पुसता पुसता पंचफुलाबाईला शिव्या द्यायचे.

ती नियम कसा पाळायला लावायची, तेही सांगतो. तिच्या कमरेला गोफण असायची. आत शिरलेल्या जनावराच्या शिंगावर ती ऐंशी हातांवरून दगड मारायची. सटवाजी म्हणून आमच्या गावचा गुराखी होता. त्यानं एकदा मुद्दाम बैल आत सोडले. बाईनं बैलांना हात लावला नाही, सटवाजीचे समोरचे दोन दात पाडले. तेव्हापासून सटवाजी हसताना तोंडावर हात धरायचा, नव्या नवरीसारखा.

मी एकदा तिला विचारलं होतं, गायरानासाठी एवढं रक्त कशाला आटवतेस म्हणून. मी तिच्याहून लहान, तरी तिला अरे-तुरे करायचो. आमच्यात तसंच चालायचं.

"हितं वास यायचा," ती म्हणाली. "माझा मालक घरी आला की त्याच्या अंगाला तोच वास. जेवन जायाचं न्हाई. आता बाभळीच्या फुलाचा येतो. त्यो मी जाऊ देनार न्हाई."

मग बहात्तर साल आलं. आदल्या वर्षी पाऊस अर्धा झाला होता, त्या वर्षी झालाच नाही म्हणा. कार्तिकात आमच्या शिवारात हिरव्या अशा दोनच गोष्टी होत्या. एक हाडोळ्यावरचं गुडघाभर गवत, अर्धं पिवळं पडलेलं. दुसरी आमच्या शेताचं कुंपण. ते वडिलांनी पाच-सहा वर्षांपूर्वी बिदरकडच्या पाहुण्यांकडून शेंगा आणून केलं होतं. विलायती बाभूळ, जिला पुढं लोक वेडी बाभूळ म्हणायला लागले. वडिलांना त्या कुंपणाचा भारी अभिमान. "कुत्रं सुदीक आत शिरत न्हाई," म्हणायचे. पाणी नाही, पाऊस नाही, तरी ते हिरवंगार आणि शेंगांनी लगडलेलं. आमच्या शेळ्या त्या शेंगांवरच जगल्या.

गाय-बैलांना मात्र काही नव्हतं. आमची कपिला गाय एका सकाळी उठली नाही. हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर आम्ही सगळे नुसतेच राक्षस होतो असं होईल. पारावर माणसं जमली. वडील म्हणाले, "हाडोळ्यात गवत उभं हाय आन आपली ढोरं मरायलीत. हे कुन्या न्यायात बसतं?"

पंचफुलाबाईला कळलं तेव्हा ती स्वतः पारापर्यंत आली आणि खाली उभी राहिली.

"पंधरा दिस थांबा," ती म्हणाली. "बी पडू द्या. मग समदं कापून न्या, मी एक काडी ठिवनार न्हाई. पन विळ्यानं कापा. ढोरं सोडली तर ती मुळासकट वरबाडतील. असल्या कोरड्यात मूळ गेलं तर पवना पुन्ना या शिवारात दिसायचा न्हाई."

ती बरोबर बोलत होती. मला तेव्हाच कळत होतं, आणि पारावरच्या निम्म्या लोकांना कळत होतं. पण गावाला सांगतंय कोण, हे आधी बघितलं गेलं. वडिलांनी तिला नावानं नव्हे, जातीच्या जुन्या नावानं हाक मारून घरी जायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चाळीसेक माणसं आणि शंभरावर गुरं घेऊन गेलो. तिच्या वस्तीतली धडधाकट माणसं खडी फोडायला दुष्काळी कामावर गेलेली, हे आम्हाला ठाऊक होतं. ती वेळ आम्ही बघूनच धरली. बाई कुंपणाच्या तोंडाशी एकटी उभी होती, एका हातात गोफण, कमरेला विळा. पहिला दगड सटवाजीच्या गुडघ्यावर बसला, तो किंचाळत खाली बसला. दुसऱ्यानं एका बैलाचं शिंग उडालं आणि गुरं माघारी फिरली. तिसरा वडिलांच्या फेट्याला लागून गेला. फेटा मातीत पडला. चाळीस माणसांसमोर पडला.

मी मागून धावलो. तिचे दोन्ही हात धरून पाठीमागे ओढले. ती अंगानं माझ्याहून काटक होती. तिनं मागं डोकं आपटून माझं नाक फोडलं, माझ्या पायावर टाच मारली, पण मी सोडलं नाही. वडील शिवळ घेऊन आले. पहिला तडाखा खांद्यावर. मग ते मला म्हणाले, "उजवा हात म्होरं घे." आणि मी घेतला. तिचा हात मी माझ्या दोन्ही हातांनी पुढं धरला, खाटकापुढं पाय धरतात तसा. मनगट मोडल्याचा आवाज मला माझ्या तळव्यात कळला. दुसरा तडाखा कोपराखाली बसला. बाई ओरडली नाही. ती माझ्याकडं बघत होती, वडिलांकडं नव्हे.

गुरं तिच्या अंगावरूनच गेली असती. सटवाजीनंच, लंगडत, तिला ओढून कडेला घेतलं. दुपारपर्यंत गवत संपलं. संध्याकाळपर्यंत खुरांनी मुळं उकरली गेली, लोकांनी पाल्यासाठी हिवर आणि बाभळी अर्ध्यातून तोडल्या. चौथ्या दिवशी गावातली गुरं पुन्हा उपाशी होती. चार दिवस. एवढंच पुरलं ते.

वस्तीतल्या लोकांनी तिच्या शेळ्या आपल्याकडं ठेवल्या आणि तिला एसटीत घालून पाथरीला बहिणीकडं पोचवलं. तिथं हाडवैद्यानं हात बसवला, तो वाकडाच बसला. फिर्याद झाली नाही. झाली असती तर साक्षीला गावातून कोण जाणार होतं? माझी आई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. मी मात्र मनाला सांगत राहिलो, मी मारलं नाही, मी फक्त धरलं. या वाक्यावर मी सहा-सात महिने काढले.

पुढच्या ज्येष्ठात ते वाक्य पुरेनासं झालं. हाडोळ्यावरून जाताना उघडी जमीन दिसायची, वेचून रचलेली हाडं पुन्हा विखुरलेली दिसायची. मला वाटलं, भरपाई करावी. आणि कुणाला न कळता करावी, कारण वडिलांची भीती होतीच. आता माझी अक्कल बघा. बाईची रीत मला ठाऊक होती. आमच्या गोठ्यात शेळ्यांच्या खाली बियांचे थर साठले होते, कारण शेळ्या सालभर कुंपणाच्या शेंगांवर जगल्या होत्या. मी तीन टोपल्या बी गोळा केलं. धुतलं, रांजणात भिजवलं, अगदी तिच्यासारखं. बाई पाथरीलाच होती. एका सकाळी जाऊन मी ते सगळं हाडोळ्यावर मूठमूठ फेकलं. बाभूळ ती बाभूळ, आणि ही तर दुष्काळातही हिरवी राहणारी. स्वतःच्या शहाणपणाचं मला इतकं कौतुक वाटलं की त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

पंचफुलाबाई श्रावणात परत आली. उजव्या हाताची मूठ वळत नव्हती. ती मानवतला गेली आणि तिथल्या लोहाराकडून डावखुरा विळा करून आणला. साध्या विळ्याचे दाते उजव्या हाताच्या ओढीला धरतात. डाव्या हातानं तो चालवला तर गवत कापलं न जाता नुसतं लोळतं. हिच्या विळ्याचे दाते उलटे पाजवलेले. असा विळा लोहारानंही जन्मात केला नव्हता. दोन महिने ती डाव्या हातानं कापायला शिकली, पायाच्या नडगीवर चार वार करून घेतले, पण शिकली. पवन्याचे ठोंब दोन कोपऱ्यांत बोरीच्या जाळीखाली वाचले होते. ती तिथूनच पुन्हा सुरुवात करणार होती.

वर आलेली रोपं बघून पहिल्या पावसाळ्यात तिला बरंच वाटलं. दुसऱ्या वर्षी तिनं पानं ओळखली. तिसऱ्या वर्षी हाडोळ्यावर माणूस शिरणार नाही असं रान माजलं. वेडी बाभूळ खाली काही उगवू देत नाही. पवना पुन्हा मरायला लागला, हिवराचे नवे फुटवे दडपले गेले. बाईनं कुऱ्हाड घेतली. तोडलं की एका बुंध्याला दहा फुटवे. पेटवलं, आठवड्यात राखेतून कोंभ. मग तिला कळलं की बुंधा जमिनीखाली वीतभर खणून काढल्याशिवाय ती मरत नाही. एका हातानं कुदळ चालवायची, वाकड्या हाताचा नुसता टेकू. काटे बोटभर लांब, चपलेतून आरपार. तिच्या दंडांवर, गालांवर, पापणीवर ओरखडे असायचे, काही पिकलेले. गावातून जाताना ती कुणाशी झटापट करून आल्यासारखी दिसायची, आणि आलेली असायचीच. दिवसाला पाच-सहा बुंधे निघायचे. शिल्लक हजारो.

मी रस्त्यानं जाताना हे रोज बघायचो. सांगायचो नाही.

शहात्तरच्या उन्हाळ्यात मी वस्तीवर मजूर सांगायला गेलो होतो, तेव्हा तिच्या अंगणात शेळ्यांचा आकांत ऐकला. चार शेळ्या एका दावणीला बांधलेल्या, मानवतच्या खाटकाचा माणूस त्या न्यायला आलेला. पाचवी मोरी, सगळ्यांत जुनी, सितारामच्या वेळची. ती जायला तयार नव्हती, पुढचे पाय रोवून बसली होती. पंचफुलाबाई कुऱ्हाड घेऊन बाहेर आली आणि उलट्या तुंब्यानं, म्हणजे कुऱ्हाडीच्या बोथट पाठीनं, तिनं मोरीच्या डोक्यात घाव घातला. डाव्या हाताचा घाव, एकात काम झालं नाही. तिनं तीन घातले. रक्त तिच्या लुगड्यावर, भिंतीवर, खाटकाच्या माणसाच्या धोतरावर. तो माणूसही मागं सरला.

"हिनंच आनलं ते बी!" ती ओरडत होती. "बाहीरून चरून आली आन माझ्याच रानात थुकली! माझ्या घरातनंच आलं! मीच पोसलं!"

मग ती मोरीशेजारी मातीत बसली आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन रडायला लागली. मार खाताना न रडलेली बाई. मी दोन पावलं पुढं गेलो, तोंड उघडलं आणि मिटलं. तिथून निघून आलो. आयुष्यात मी जी काही नीच कामं केली त्यांत हे पहिलं धरतो; हात धरल्याचा नंबर त्याच्या नंतर लागतो.

शेळ्या गेल्यावर ती रोजंदारीवर जगू लागली. सकाळी दुसऱ्याच्या शेतात, दुपारनंतर हाडोळ्यावर. सत्याहत्तरच्या वैशाखात तिच्या तळपायात काटा मोडला. पाय पोटरीपर्यंत सुजला. तरी ती बसून, ढुंगणावर सरकत बुंधे खणत होती. मी बांधावरून ते बघितलं आणि मला राहवलं नाही. कुणाच्या उपदेशानं नव्हे. नुसतं राहवलं नाही.

मी तिच्यापुढं जाऊन उभा राहिलो. "बाई," म्हणालो, "तुमाला एक सांगायचंय." तुमी हा शब्द मी तिच्यासाठी पहिल्यांदा वापरला होता.

तिनं वर बघितलं नाही. मी सांगितलं. शेळ्यांनी आणलं नाही. मी टाकलं.

"कुठलं बी?" ती खणताखणता म्हणाली.

"आमच्या कुंपनाचं. आमच्या शेळ्यांच्या खालचं."

"कवा?"

"तुमी पाथरीला हुत्या तवा. मला वाटलं, भरपाई हुईल."

कुदळ थांबली. तिनं ती खाली ठेवली. मग म्हणाली, "आन मोरी?"

तिनं बाजूला पडलेला विळा डाव्या हातात घेतला. मी मागं सरू शकलो असतो. त्याऐवजी मी उजवा हात पुढं केला, कारण मी धरून दिलेला तिचा हातही उजवाच होता. मनात कुठंतरी वाटलं असेल की ती एवढ्यावर विळा टाकून देईल. तिनं टाकला नाही. पूर्ण ताकदीनं मारला. उलट्या दात्यांनी मांस ओढत नेलं, आत काहीतरी तुटलं आणि दोन बोटं एकदम लुळी पडली. मी गुडघ्यावर आलो. तिनं पुन्हा हात उचलला, माझ्याकडं बघितलं आणि मग विळा जमिनीत खुपसला. दातांनी पदर फाडला आणि माझं मनगट इतकं आवळून बांधलं की त्या बांधण्याचं दुखणं वारापेक्षा जास्त होतं.

"माझ्या रानातलं मी काढीन," ती म्हणाली. "मला कुनाचा हात नको. पन तुमचं कुंपन वढ्याच्या वरल्या अंगाला हाय. दर पान्यासंगट शेंगा खाली येनार. ते हाय तवर माझं खननं फुकट. ते काढ तू. मुळासकट."

परभणीच्या दवाखान्यात टाके पडले. डॉक्टरला मी कडबा तोडायच्या यंत्राचं नाव सांगितलं, घरीही तेच. टाके निघाल्यावर आठवड्याभरात कुदळ घेऊन कुंपणाला लागलो, डाव्या हातानं. पहिल्या दिवशी दीड बुंधा निघाला. वडील दोन दिवस बाजाराला गेले होते. दुसऱ्या दिवशी मागून कुणीतरी खणत असल्याचा आवाज आला. पंचफुलाबाई लंगडत आली होती. सिताराम गेल्यापासून तिनं आमच्या शेतात पाऊल टाकलं नव्हतं, मजुरीलाही नाही. "तुझ्यानं हुईना," एवढंच म्हणाली आणि पुढच्या बुंध्याला बसली.

तिसऱ्या दिवशी सकाळी वडील आले. साठीचे झाले होते, पण पहाडासारखे. हातात पराणी, म्हणजे बैल हाकायची लोखंडी टोकाची काठी. पंचवीस हात कुंपण आडवं पडलेलं त्यांनी बघितलं, आणि तिथं कोण बसलंय तेही बघितलं. माझ्या पाठीत काठी मोडेल असे चार तडाखे बसले. पाचव्याला टोक बरगडीत घुसलं.

"माझं कुंपन तोडायलास! हिच्यासाठी! हिच्या पायाशी बसून!"

मग ते तिच्याकडं वळले. ती उठू शकत नव्हती, सुजलेला पाय पसरून बसली होती. त्यांनी पराणी वर उचलली. मी मागून झडप घातली आणि त्यांचे दोन्ही हात धरून पाठीमागे ओढले. पराणी पडली. माझ्या मनगटाची खपली फुटून रक्त त्यांच्या सदऱ्यावर उतरायला लागलं. त्यांनी मागं डोकं आपटलं, टाच मारली. मी सोडलं नाही. मला हे सगळं अंगानं आठवत होतं. बाईनं कुदळीचा आधार घेतला आणि ती उभी राहिली. तिच्या डाव्या हातात विळा होता. वडील तिच्यापुढं छाती उघडी पडून उभे होते, आणि त्यांना बांधून ठेवणारा मी होतो.

"मार, बाई," मी ओरडलो. "आता मार! मी धरलंय!"

ती एक पाऊल पुढं आली. विळ्याचं टोक वडिलांच्या गळ्यापासून हातभर अंतरावर होतं. मला वडिलांच्या छातीतली धडधड माझ्या छातीवर कळत होती. ते घाबरले होते. जन्मात पहिल्यांदा.

तिनं त्यांच्याकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघितलं, त्या दिवशी बघितलं होतं तसंच.

"सोड त्याला," ती म्हणाली. "धरलेल्या मानसाला मारायची रीत तुमच्या घरची हाय. तू अजून तीच चालवायलास."

मी सोडलं. वडील धडपडत दोन पावलं पुढं गेले आणि बांधावर बसले. त्यांचा श्वास लागला होता. बाईनं पराणी उचलून त्यांच्याजवळ ठेवली, पुन्हा आपल्या बुंध्यापाशी जाऊन बसली आणि खणायला लागली. थोड्या वेळानं मला म्हणाली, "वरून तोडू नगस. खाली खन." मी बरगडीला फडकं दाबून खणायला बसलो. वडील तासभर तिथंच होते. मग उठून घरी गेले. त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतंच बोलले, पण कुंपणाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

कुंपण निघायला ते साल गेलं, हाडोळा मोकळा व्हायला आणखी दोन. बाईचा पाय बरा झाला, लंगडणं राहिलं. तिनं मला माफ केलं का, हे मी कधी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. रस्त्यात भेटली तर मान हलवायची, एवढंच.

एकोणऐंशीच्या मार्गशीर्षात गावात निरोप आला, "बी झडलं, या." आठ वर्षांनी. पवना दोनच एकरांत होता, पण दाट होता. आई विळा घेऊन गेली, सटवाजी तोंडावर हात धरून गेला, गावातल्या पंधरा-वीस बायका गेल्या. मी सगळ्यांच्या मागं उभा राहिलो. माझा नंबर आला तेव्हा मी डाव्या हातात आमच्या घरचा साधा विळा घेऊन वाकलो आणि ओढला. गवत कापलं गेलं नाही, नुसतं लोळलं. पुन्हा ओढला, पुन्हा तेच. बायका हसायला लागल्या.

पंचफुलाबाई लंगडत आली. माझ्या मनगटाकडं बघितलं, न मिटणाऱ्या बोटांकडं बघितलं. माझ्या हातातला विळा काढून घेतला आणि आपला दिला. मूठ घासून गुळगुळीत झालेली, दाते उलटे.

"थोडं थोडं धर," ती म्हणाली. "मलाबी दोन म्हयनं लागलं हुतं."

मी थोडं थोडं धरून कापायला लागलो. ती माझ्या विळ्यानं काही कापू शकत नव्हती, म्हणून भारा बांधून होईपर्यंत तिथंच उभी राहिली.